हिरवट पूड

माझी मावशी पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या गावात राहते. ती आणि काका पूर्वी दरवर्षी श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायचे. काकांचे गुडघे गेले तेव्हा दोघांनी कोयता ठेवला आणि मेंढरं घेतली. आता घर सोडून कुठं जायचं नाही, गावातच राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या मेंढरांवर तिचं उरलेलं सगळं आयुष्य उभं होतं म्हटलं तरी चालेल.

पावसाळा सरता सरता मेंढरं मरायला लागायची. आधी एखादी मेंढी कळपाच्या मागे पडायची. मग तिच्या जबड्याखाली पाणी उतरायचं, मऊ फुगवटा लोंबायचा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग पांढराफटक. पोटात सुतासारखे जंत असतात, ते अस्तराला चिकटून रक्त पितात. मेंढी चरत असते, रवंथ करत असते आणि आतून रिकामी होत असते. मावशी तालुक्याहून औषधाची बाटली आणायची, पाजायची, आणि तरी मेंढ्या मरायच्या.

"आदी ह्येच आवशद पाजलं की मेंढरू उठायचं," ती मला म्हणाली. "आता नुसतं पानी पाजल्यावानी हाय."

जंत त्या औषधाला सरावले होते. जगात सगळीकडे हे होतंय, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सोनईला घरी बसले होते आणि पीएच.डी.साठी विषय शोधत होते. मावशीच्या अंगणात बसून मी ठरवलं की हाच विषय. नवे रेणू बनवायचे, जे जंतांनी कधी पाहिलेले नाहीत.

मला जे गाईड मिळाले त्यांना विषय फार आवडला. त्यांच्या हाताखालच्या बहुतेक प्रबंधांच्या नावात 'जीवाणूविरोधी' नाहीतर 'कर्करोगविरोधी' असा शब्द होता, 'परजीवीविरोधी' अजून आला नव्हता. कॉलेजचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि त्यांचंही. त्यांना सर म्हणते.

आमचं काम होतं रिंगा बनवायचं. अणू एकमेकांना धरून गोल कडी करतात, तिला प्रयोगशाळेत सगळे रिंगच म्हणतात. आमची रिंग पाच अणूंची होती, दोन कार्बन आणि तीन नायट्रोजन. अशी कडी असलेल्या रेणूंमधून अनेक औषधं निघालेली आहेत. दोन तुकडे घ्यायचे, एकाच्या टोकाला तीन नायट्रोजन, दुसऱ्याच्या टोकाला दोन कार्बन, आणि ते जवळ आणून कडी बंद करायची. आपोआप ती नीट बंद होत नाही. त्यासाठी मोरचूद लागतो, तोच जो द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेत फवारतात. मोरचुदातलं तांबं कडी जुळवून देतं आणि बाजूला होतं. निदान व्हायला पाहिजे.

सरांना वाटत होतं की जंतांवरची चाचणी कॉम्प्युटरवर करावी. रेणूचं चित्र जंताच्या प्रथिनाच्या चित्रात बसतंय का ते बघायचं आणि आकडा लिहायचा. मी म्हटलं, मला खऱ्या जंतांवर बघायचंय. ते हसले, पण अडवलं नाही.

नगरमध्ये मटणाच्या दुकानांच्या गल्लीत एक चाचा होते. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मला मेंढीचं पोट पाहिजे, मांस नको, आतले जंत पाहिजेत. त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बेटी, हे घरी सांगितलंस का?" म्हणाले. पुढे ते माझ्यासाठी पोट बाजूला काढून ठेवायला लागले. मी ते कोमट मिठाच्या पाण्यात उघडायची. त्यात लाल-पांढरे पीळ असलेले जंत वळवळत असायचे, दोरा वळल्यासारखे. थर्मासमधून ते प्रयोगशाळेत आणायचे, काचेच्या बश्यांत वाटायचे, एका बशीत माझी पूड, एकीत नुसतं द्रावण, एकीत बाजारातलं औषध. मग बसायचं आणि हालचाल बघायची. बाकीची मुलं नाक दाबून बाहेर जायची. मला तो वास सोसायचा, कारण त्या बश्यांत मला मावशीचं अंगण दिसायचं.

अनेक रिंगांनी काहीच केलं नाही. जंत माझ्या रेणूंमध्ये खुशाल पोहत राहिले. मग एक आली. ती पूड घातली आणि तासाभरात वळवळ मंदावली, दुपारपर्यंत जंत सरळ होऊन पडले. नुसत्या द्रावणातले जंत मात्र मजेत होते. मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी बशी हलवली, काडीनं जंत ढकलून बघितला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी संडासात जाऊन रडले, आनंदानं.

ती पूड हिरवट होती. कागदावरचा माझा रेणू पांढरा असायला हवा होता. मी सरांना म्हटलं होतं की अजून शुद्ध करते, मगच जंतांवर घालते. "रेणूची ओळख पटवायला चिमूटभर शुद्ध कर, बाकीची चालते," ते म्हणाले होते. "सगळी शुद्ध करत बसलीस तर वर्ष जाईल." त्यांच्या सांगण्याप्रमाणे चिमूटभर शुद्ध नमुना बाहेर तपासायला गेला आणि जंतांवर गेली ती हिरवट पूड. माझा हट्ट मात्र सुटला नव्हता. सर ह्या शोधावर पेपर लिहीत होते तेव्हा मी उरलेली पूड विरघळवून अमोनियाच्या पाण्यानं धुवायला घेतली.

बूच आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात दोन थर झाले. वरचा माझ्या रेणूचा, खालचा अमोनियाच्या पाण्याचा. मी नरसाळं हलवलं, ठेवलं, आणि खालचा थर निळा झाला. फिका नाही, शाईसारखा गडद निळा. ते तांबं होतं. माझ्या पुडीत मोरचूद राहिला होता, आणि बराच राहिला होता.

मी धूत राहिले, निळा रंग येणं बंद होईपर्यंत. मग पूड स्पिरिटात विरघळवून थंड केली. पांढरेशुभ्र स्फटिक पडले. इतके सुंदर स्फटिक मी आजवर बनवले नव्हते. चाचांकडून ताजे जंत आणले आणि त्या पांढऱ्या पुडीत सोडले. ते वळवळत राहिले. दुपार गेली, संध्याकाळ झाली, ते वळवळतच होते. शेजारच्या बशीत मी नुसता मोरचूद घातला होता, हिरवट पुडीत असेल असा अंदाज होता तेवढाच. त्यातले जंत मेले होते.

मी हे पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी तेच. मग सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आपली रिंग जंत मारत नाही. तांबं मारतंय."

त्यांनी माझी निरीक्षणं वाचली. नीट वाचली, हे मला सांगायला हवं. "तुझे जंत यावेळी चिवट असतील," ते म्हणाले.

"मग त्याच जंतांना मोरचुदानं कसं मारलं?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. "पेपर स्वीकारला गेलाय. काल कळलं."

"अजून छापला नाही ना. कळवता येईल."

"अगं, असे किती पेपर निघतात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट समजावणीचा होता. "कोण वाचतं? कोण बनवून बघतं? तुझी पीएच.डी. होऊ दे, माझं प्रमोशन होऊ दे. मग तुला काय शोधायचं ते शोध."

मी म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, आता नाव काढलं तर प्रश्न विचारतील. पेपर माझ्या नावासकट छापून आला.

कोण वाचतं, हा प्रश्न माझ्या अंगावर कसा आला ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी घरी गेले आणि जेवले नाही. आईनं विचारलं, कुणी काही बोललं का. काय सांगणार. कुणी शिवी दिली असती तर सांगता आलं असतं. एका माणसानं अगदी प्रेमानं मला सांगितलं होतं की आपण जे करतो त्याला काही अर्थ नाही, आणि तो नसल्याचा काही त्रासही करून घ्यायचा नसतो.

थोड्याच दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. मेंढ्यांच्या जंतांवर जालीम औषध, आपल्याच जिल्ह्यातील प्राध्यापकांचा शोध. सरांचा फोटो होता, हातात चंबू धरलेला. ती बातमी मोबाईलवरून फिरत फिरत पाथर्डीच्या डोंगरापर्यंत गेली. मावशीचा फोन आला.

"अगं, तुज्या सरांनी आवशद काडलं म्हनं. तुजं नाव बी हाय का त्यात?"

"मावशी, ते औषध नाही. ते लागू पडत नाही."

"लागू कसं न्हाई? पेपरात आलंय. आन रविवारी तुजे सर हिकडं येनार हायेत. शाळंत शिबिर हाय. मेंढरं घिऊन या म्हनलेत, फुकाट पाजनार हायेत."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रयोगशाळेत गेले. एम.एस्सी.च्या एका मुलीनं सरांच्या सांगण्यावरून ती पूड मोठ्या प्रमाणात बनवली होती. बरणी टेबलावर होती. आतली पूड हिरवी होती, माझ्या पुडीपेक्षाही हिरवी. तिला धुवायला कुणी सांगितलं नव्हतं. मेंढीला तांबं सोसत नाही. गाय-म्हैस जेवढं पचवते तेवढ्यानं मेंढी मरते. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस मेंढी लाल लघवी करून आडवी होते. हे कुठल्याही पशुवैद्यकाच्या पुस्तकात सापडतं. आणि एखाद्या नव्या रसायनाची जनावरांवर चाचणी करायची तर परवानग्या लागतात, तज्ज्ञांची समिती लागते. इथं शाळेच्या पटांगणात फ्लेक्स लावून ते पाजणार होते.

मी सरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. प्राचार्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, शिबिर सामाजिक उपक्रमात मोडतं, तुमच्या गाईडशी बोला.

रविवारी मी पहाटेची एसटी धरली. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली अमोनियाची बाटली होती. सोनईहून नेवासा फाटा, तिथून शेवगाव, तिथून पाथर्डी. प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी मांडीवर उचलून धरत होते. वाटेत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि दरवेळी ते शिव्यांवर जाऊन थांबत होतं.

शाळेच्या पटांगणात मेंढ्या होत्या, माणसं होती, सरपंच होते. मावशी जबड्याखाली पाणी उतरलेल्या दोन मेंढ्या धरून पहिल्या रांगेत उभी होती. सर टेबलामागे होते. बादलीत हिरवट पाणी कालवलेलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा न बदलता म्हणाले, "बरं झालं आलीस. मदत कर."

मी टेबलापाशी गेले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. जुळवलेलं सगळं विसरले. "हे पाजू नका," म्हटलं. "ह्यात मोरचूद आहे. आम्ही बनवलेलं औषध जंत मारत नाही, मोरचूद मारतो. आणि मेंढ्यांना तो बाधतो."

पटांगणात कुजबुज झाली. सर पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून लोकांना म्हणाले, "ही आमचीच विद्यार्थिनी आहे. अभ्यासाचा ताण आहे तिला. जरा बरं नाही."

मी त्यांचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाचा हात झटकला. मग टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला, बादलीतलं पाणी त्यात ओतलं, वरून अमोनिया घातला. वासानं पुढची माणसं मागे सरली. ग्लासातलं पाणी निळं झालं. ज्यांच्या नात्यागोत्यात कुणाची डाळिंबाची बाग होती त्यांना मोरचुदाचा रंग सांगायची गरज नव्हती.

"सायेब, ह्ये खरं हाय का?" सरपंचांनी विचारलं.

"थोडाफार अंश असतो," सर म्हणाले. "प्रमाणात असतो."

"किती?" मी विचारलं. "तुम्ही मोजलाय का?"

त्यांनी मोजला नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत लाज नव्हती, फक्त वैताग होता. जणू मी त्यांची बस चुकवली होती. सरपंचांनी शिबिर थांबवलं. मेंढ्या निघून गेल्या. कुणीतरी बादली शाळेमागच्या खड्ड्यात ओतली.

मला वाटलं होतं मावशी मला जवळ घेईल. घरी गेल्यावर तिनं मेंढ्या बांधल्या, पाणी दिलं, आणि माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसली.

"समद्या गावाम्होरं त्या मानसाचं पानी उतरवलंस," ती म्हणाली. "आता आमच्याकडं कोन येनार हाय?"

"मावशी, तुझी मेंढरं मेली असती."

"ती आशीबी मरत्यातच की." मग ती वळली. डोळे कोरडे होते. "तुमी लोकांनी आमच्या मेंढरांवर पेपर लिवला. फोटू काडलं. आन आवशद कुटं हाय? तू बी त्यातलीच. तुला बी डिग्री पायजे. सांग, कुटं हाय आवशद?"

काका म्हणाले, "जाऊ दे गं, तिनं चांगलंच केलं," पण मावशी ऐकत नव्हती. मला सरांचा राग होताच, त्या चुलीपाशी तो दुप्पट झाला, कारण ती खरं बोलत होती. तिला फसवायला निघालेल्या माणसाला मी थांबवलं होतं, पण तिच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

त्यानंतर प्रयोगशाळेचं कुलूप बदललं. माझ्या अर्जांवर सह्या होईनात. प्राचार्यांनी मला बोलावून वागणुकीबद्दल समज दिली, सरांना काही दिलं नाही. माझे काही मित्रमैत्रिणी कॅन्टीनमध्ये मला बघून दुसऱ्या टेबलावर बसू लागले. त्यांनाही त्याच सह्या हव्या होत्या. तरीही मी त्यांना माफ केलेलं नाही.

नगरच्या दुसऱ्या एका कॉलेजातल्या, निवृत्तीला आलेल्या मॅडमनी मला घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "राग दाराबाहेर ठेवून येता येईल का?"

"नाही येणार, मॅडम."

"मग घेऊन ये. फक्त काचेची भांडी फोडू नकोस."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी मोरचूद न वापरता दुसऱ्या जातीच्या रिंगा बनवल्या, प्रत्येक पूड पांढरी झाल्याशिवाय जंतांजवळ नेली नाही. मावशीच्या कळपासाठी सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी वेगळ्या गटातलं, जुनंच पण त्या भागात फारसं न वापरलेलं औषध दिलं आणि सांगितलं की सरसकट पाजू नका, पापणी पांढरी पडेल त्याच मेंढीला द्या, म्हणजे जंत त्यालाही सरावणार नाहीत. त्या वर्षी कमी मेंढ्या मेल्या. मावशी फोनवर पुन्हा नीट बोलायला लागली. चुलीपाशी काय म्हणाली ते तिनं कधी मागे घेतलं नाही, आणि मलाही घ्यायला लावायचं नव्हतं.

मग एके दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा मुलगा दुसऱ्या राज्यातला संशोधक होता. अडखळत हिंदीत बोलत होता. त्यानं तो पेपर वाचला होता आणि आमची रिंग बनवली होती. शुद्ध, पांढरी. तिनं जंत मरत नव्हते. त्याचे गाईड त्याला म्हणत होते की तुझ्या हातात दोष आहे. "मॅडम, मी वर्षभर हेच करतोय," तो म्हणाला. "मला वाटलं मीच मठ्ठ आहे. तुमच्याकडे काय वेगळं होतं?"

मी खुर्चीत बसले. कोण वाचतं, कोण बनवून बघतं, ह्याचं उत्तर फोनच्या पलीकडे होतं, थकलेल्या आवाजात. मी त्याला सगळं सांगितलं, निळ्या थरासकट. त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"तुझं बरोबर होतं."

आम्ही दोघांनी मिळून त्या नियतकालिकाला लिहिलं. मी एकटीनं आधी लिहिलं होतं तेव्हा उत्तर आलं नव्हतं. दोन वेगळ्या प्रयोगशाळांतून तेच निघतंय म्हटल्यावर आलं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्यांनी पेपरजवळ एक सूचना टाकली, की ह्यातल्या निष्कर्षांबद्दल शंका उपस्थित झाली आहे. शंका, एवढंच. पेपर काढला नाही. सर तोवर विभागप्रमुख झाले होते.

मागच्या हिवाळ्यात एका परिषदेत ते भेटले. मी माझ्या पोस्टरपाशी उभी होते. नव्या रिंगांपैकी एकीनं जंत मंदावतात, मरत नाहीत, आणि मी तेवढंच लिहिलं होतं. सर चहाचा कप घेऊन आले, पोस्टर वाचलं, चष्मा पुसला.

"अजून राग आहे का?" त्यांनी विचारलं. सहज, जुन्या ओळखीतल्या माणसासारखं.

"हो, सर," मी म्हटलं.

ते थोडं थांबले, बहुधा मी पुढे काही बोलेन म्हणून. एक विद्यार्थिनी माझ्या पोस्टरसमोर येऊन उभी राहिली होती आणि बशीतल्या जंतांचा फोटो वाकून बघत होती. मी तिच्याकडे वळले आणि तिला सांगायला लागले की हे जंत जिवंत आहेत, आणि का आहेत.